खिशात मावणारा खोकला

आपल्या माणसांचा आवाज पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवणं हे प्रत्येक सुसंस्कृत घराचं पवित्र कर्तव्य आहे, असं प्रभुलिंग पट्टणशेट्टी यांचं ठाम मत होतं. पट्टणशेट्टींच्या घरात हे कर्तव्य एका खोकल्यापुरतं उरलं होतं.

खोकला प्रभुलिंगरावांच्या वडिलांचा. वडील म्हणजे कैलासवासी महालिंगआप्पा, मुरगूडचे किराणा व्यापारी. आप्पांचा स्वभाव अत्यंत मितभाषी. गिऱ्हाइकानं साखरेचा भाव विचारला तर ते बोटांनी सांगत, आणि उधारी विचारली तर नुसतं बघत. असा माणूस आपला आवाज मागे ठेवून जाईल ही अपेक्षाच चूक. पण प्रभुलिंगराव नववीत असताना बेळगावच्या मामांनी त्यांना टेपरेकॉर्डर दिला, आणि इतिहासाची थोडी सोय झाली.

त्या काळी गाणं मिळवायचं म्हणजे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, एक बटण दाबायचं, त्याच्या शेजारचं लाल बटण दाबायचं आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास धरायचा. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटेल, यात काय अवघड आहे? अवघड घर होतं. घराला नेमकं त्याच तीन मिनिटांत सगळं आठवायचं. प्रभुलिंगरावांनी एका संध्याकाळी माजघरात डोळे मिटून, टेपवर जवळजवळ पालथं पडून एक भावगीत असं भरून घेतलं. पहिल्या कडव्यात कुकरची शिट्टी आली. मधल्या बासरीवर म्हैस ओरडली. आणि दुसरं कडवं संपता संपता बाहेरच्या सोप्यातून, जिथं आप्पांची बैठक असे, तिथून खोकला आला. आधी एक लहान, चौकशी केल्यासारखा. मग एक मोठा, निर्णय झाल्यासारखा.

आप्पा गेल्यावर शोधाशोध झाली तेव्हा लक्षात आलं, की फोटो एकच आहे आणि आवाज म्हणून हा खोकला आहे. तेव्हापासून दर वर्षी आप्पांच्या पुण्यतिथीला, जंगमस्वामी पूजा आटोपून गेले की आणि हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पंगत बसण्याआधी ती कॅसेट लागे. दुसरं कडवं आलं की सगळे माना खाली घालत. खोकला आला की प्रभुलिंगरावांची थोरली बहीण विद्याश्रीअक्का पदर डोळ्याला लावत. आणि आई, म्हणजे शांतव्वा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून किंचित हसत. अव्वांचं ते हसू बघूनच बाकीच्यांना भरून येई. चाळीस वर्षं जुना खोकला ऐकून हसणारी बाई दुसऱ्या कुठल्या घरात असेल, असं प्रभुलिंगरावांना वाटत नसे.

गेल्या वर्षी टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला. गाणं विहिरीतून आल्यासारखं आलं आणि आप्पा वाघासारखे खोकले. अक्कांचा लहान नातू रडायला लागला. विद्याश्रीअक्का संकेश्वरला परत जाताना रिक्षात एक पाय ठेवून म्हणाल्या, "परभू, म्होरल्या वर्षी आप्पांचं असं काय झालं, तर मी हुग्गीला हात लावणार न्हाय. उपाशी जाईन. सांगून ठेवते." अक्का आयुष्यात कधी उपाशी गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे धमकीचं गांभीर्य सगळ्यांना कळलं.

"फोनमध्ये घ्या की भरून," प्रभुलिंगरावांच्या पत्नी अनुजाताई म्हणाल्या.

फोनचा प्रयोग प्रभुलिंगरावांनी केला होता. अव्वांना एकदा फोनवर भजन लावून दिलं, तर भजनाच्या मध्येच एका बाईनं आत घुसून कर्ज हवंय का विचारलं. अव्वांनी तिला "आमच्यात कुणाला नको गं बाई, तू जेवलीस का?" असं विचारलं आणि पुढची दहा मिनिटं भजन बाजूला राहिलं. बँकेत तीस वर्षं कर्जविभागात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर भजनातून कर्ज विचारलं जावं, हा अपमान प्रभुलिंगरावांच्या मनात घर करून होता.

"एका कामाला एक वस्तू पाहिजे," ते म्हणाले. "आपण गॅसवर कपडे वाळवतो का?"

"पावसाळ्यात वाळवतो," अनुजाताई म्हणाल्या.

या उत्तरानं प्रभुलिंगरावांचा निश्चय पक्का झाला. गाणी वाजवण्यापलीकडे ज्याला काही येत नाही, असं खिशात मावणारं यंत्र त्यांनी घ्यायचं ठरवलं. तरुणपणी रंकाळ्यावर एका श्रीमंत मित्राच्या कमरेला असं यंत्र लटकलेलं त्यांनी पाहिलं होतं. मित्र त्यांना एक कान ऐकायला देई, तोही फक्त गाण्यांबरोबर टेपवर भरल्या गेलेल्या जाहिरातीपुरता. ही जुनी बाकीही अनायासे फिटणार होती.

राजारामपुरीत पहिल्या दुकानात ते म्हणाले, "म्युझिक प्लेअर दाखवा."

दुकानदारानं त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. "त्यो काय हाय की तुमच्याकडं."

"हा फोन आहे."

"त्यातच वाजतंय की पावणं."

दुसऱ्या दुकानात हेच संभाषण झालं, फक्त तिथं एक गिऱ्हाईकही सामील झालं आणि त्यानं प्रभुलिंगरावांचा फोन हातात घेऊन त्यांना गाणं लावून दाखवलं. तिसऱ्या दुकानात मात्र "हाय की" असं उत्तर आलं आणि आतून चाकं लावलेला, सिलिंडरएवढा, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा एक स्पीकर ढकलत आणला गेला.

"हा खिशात कसा मावणार?"

"गाडीत मावतोय," दुकानदार म्हणाला.

हा स्पीकर घ्यावा असं बाळासोंचं मत पडलं. बाळासो हे शिवाजी पेठेतल्या त्यांच्या अपार्टमेंटचे चेअरमन. तरुणपणी ते तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते आणि अजूनही जिन्यात कुणी भेटलं की दोन्ही हात पसरून अडवत. "शेट्टीसाहेब," ते म्हणाले, "आप्पांचा खोकला हाय. पेठंला ऐकू गेला पायजे."

"मला पेठेला ऐकवायचा नाही. घरात ऐकायचाय."

"मग आप्पांचा मान काय ऱ्हायला?"

शेवटी प्रभुलिंगरावांनी कुणाला न विचारता खिशात मावणारा प्लेअर ऑनलाइन मागवून टाकला.

प्लेअर आला तो सुपारीच्या डबीएवढा. सोबत माहितीपुस्तिका, आठ भाषांत. त्यातली एकही हिंदुस्थानातली नव्हती. वीस हजार गाणी मावतात, असं खोक्यावर लिहिलं होतं. एका खोकल्याला ही जागा ऐसपैस होती. यंत्र सुरू केलं की आधी एक चिनी बाई गात असे. तिला पुसून टाकण्याचे सगळे मार्ग त्या आठ भाषांत कुठंतरी लिहिलेले असावेत. प्रभुलिंगरावांना तिचा त्रास झाला; अनुजाताईंना आठवड्याभरात तिची चाल पाठ झाली आणि भाजी निवडताना त्या ती गुणगुणू लागल्या.

"आवाज कुठनं येतो याचा?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

प्रभुलिंगरावांनी यंत्र उलटंपालटं केलं. त्याला आवाज बाहेर सोडायची जागाच नव्हती. फक्त कानात घालायच्या दोन वायरी होत्या.

"म्हणजे एका वेळी एकानं ऐकायचं?"

"मुद्दामच तसा घेतलाय," प्रभुलिंगराव म्हणाले. "स्मृती ही कानात जपायची गोष्ट आहे." हे वाक्य त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं आणि बऱ्यापैकी आवडलंही.

आता कॅसेटमधला खोकला डबीत उतरवायचा होता. हे काम करणारी निशा कांबळे ही शाहूपुरीत लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करत असे. नवरदेवाच्या मागं बर्फाचे डोंगर लावणं आणि रुसलेल्या आत्याला फ्रेमच्या बाहेर काढणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं कॅसेट उजेडात धरली.

"काका, फीत लई कुजलीय. एकदाच वाजंल. वाजली तर." मग तिनं विचारलं, "खरखर काढू का?"

इथं प्रभुलिंगरावांच्यातला बँकेचा अधिकारी जागा झाला. काम सांगायचं तर ठासून सांगावं, ही त्यांची सवय. "एकदम स्वच्छ पाहिजे," ते म्हणाले. "काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आरसा!"

दोन दिवसांनी निशानं त्यांच्या कानात ती वायर घातली. गाणं चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. बासरी तर अशी, की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. प्रभुलिंगराव डोळे मिटून डोलत होते. पहिलं कडवं झालं. दुसरं कडवं आलं. संपलं. पुढं गाणंही संपलं.

त्यांनी डोळे उघडले. "इथं एक खोकला होता."

"होता की!" निशाचा चेहरा फुलला. "काढला. कुकर तर लगेच निघाला. म्हस बी निघाली. खोकला तेवढा गाण्याला चिकटून बसलेला बघा, अर्धा दिवस गेला त्यात. पण आता कुणाच्या बापाला कळायचं न्हाय तिथं खोकला होता म्हणून."

"तो माझ्या बापाचा होता," प्रभुलिंगराव म्हणाले.

पडद्यावर एक नवरदेव बर्फाच्या डोंगरासमोर अक्षता झेलत थांबला होता.

"मग काकाऽ," निशा म्हणाली, "सांगायचं न्हाय व्हय? लोक खोकला काढायलाच येतात. ठेवायला आलेले तुम्ही पहिले."

कॅसेटची फीत वाजता वाजताच तुकडे होऊन पडली होती. कच्ची फाईल तिनं पुसून टाकली होती; लग्नसराई होती, आणि "काही म्हणजे काही ठेवायचं नाही" हे शब्द प्रभुलिंगरावांचेच होते. निशाला वाईट वाटलं. तिनं आपल्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले तयार खोकले त्यांना ऐकवले. म्हातारा खोकला, दवाखान्यातला खोकला, जिन्यातला खोकला. सगळे परदेशी होते. त्यांत कुणीही किराणा दुकान चालवलेलं नव्हतं, हे ऐकताक्षणी कळत होतं.

शेवटी तिनंच तोड काढली. गाणं स्वच्छ आहेच. ते घरात लावायचं, समोर माईक धरायचा आणि कुकर, म्हैस, खोकला हे सगळं पूर्वीच्या जागी परत घालायचं. "आपण शूटिंगला नवरीला दोनदा रडवतोय की," ती म्हणाली. "त्यात काय?"

पुण्यतिथी आठवड्यावर आली होती. अव्वांना कळता कामा नये, ही पहिली अट. अव्वांची नजर गेली होती, पण कान शाबूत होते. आप्पांच्या जागी दुसरंच कुणी खोकलं तर त्या ओळखतील आणि या वयात त्यांना काय वाटेल, या विचारानं प्रभुलिंगरावांचं जेवण कमी झालं. अनुजाताईंना सांगणं भाग होतं. अनुजाताईंनी विश्वासानं बाळासोंना सांगितलं. बाळासो म्हणाले, "ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाय." संध्याकाळी दूधवाल्यानं दारात विचारलं, "काका, खोकला गावला का?"

म्हशीची जबाबदारी बाळासोंनी घेतली. त्यांच्या चुलतभावाची म्हैस दर दिवाळीला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्या घालून पेठेत मिरवत असे आणि मालकाच्या मोटारसायकलमागे घोड्यासारखी पळत असे. "नाव काढाल अशी ओरडती," ते म्हणाले. कुकर अनुजाताईंच्या माहेरचा निघाला. राहिला खोकला.

वारस म्हणून प्रभुलिंगरावांनी स्वतः खोकून पाहिलं. "तुमचा खोकला माफी मागितल्यासारखा येतो," अनुजाताई म्हणाल्या. बाळासोंनी न विचारता खोकून दाखवलं. तो खोकला पेनल्टी मागितल्यासारखा होता. मग प्रभुलिंगरावांना केरबातात्या आठवले.

केरबातात्या म्हणजे मुरगूडचे शेजारी. म्हैस त्यांची, गोठा त्यांचा, आणि त्यांच्याकडे रेडिओ नसल्यामुळे संध्याकाळी बैठक पट्टणशेट्टींच्या सोप्यात. आप्पांना जवळून पाहिलेलं, नात्याबाहेरचं एवढं एकच माणूस आता शिल्लक होतं. ते हल्ली उचगावला लेकीकडे राहत. प्रभुलिंगराव रिक्षा घेऊन तिथं गेले आणि चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं.

"खोकायचं?" तात्यांनी विचारलं. "त्यासाठनं रिक्षा?"

"आप्पांसारखं, तात्या. तुम्हाला आठवत असेल. आधी लहान, मग मोठा."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मला दुसऱ्याचं काय जमत न्हाय बघ, परभू. माझा येतोय तसा काढतो. चालंल?"

प्रभुलिंगरावांना हा त्यांचा विनय वाटला.

ध्वनिमुद्रणासाठी रविवारची दुपार ठरली. अव्वांना मामेबहिणीकडे जेवायला धाडलं. आणि मग कळलं, की त्याच दुपारी मैदानावर अंतिम सामना आहे आणि त्यात पेठेचा संघ आहे. पेठ जिंकली तर हलगी, फटाके आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या. म्हणजे खोकलाच काय, तोफ उडाली तरी माईकला कळणार नाही. नागरिक म्हणून आपलेही काही हक्क आहेत, असं म्हणून प्रभुलिंगराव चौकीत गेले.

"परवानगी पाहिजे," ते म्हणाले.

हवालदारांनी सरावानं कागद पुढं ओढला. "साउंड का बँजो?"

"काहीच नाही."

"मिरवणूक?"

"नाही."

"मग वाजवणार काय?"

"काही वाजू नये, याची परवानगी पाहिजे. अर्धा तास शांतता."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. उलट ते विचारात पडले होते. त्यांनी आतल्या साहेबांना हाक मारली. "साहेब, ह्यास्नी शांतता पायजे." आतून आवाज आला, "कुठल्या मंडळाचे हायत?" हवालदारांनी हळू आवाजात समजावून सांगितलं, की आवाजाची परवानगी इथं मिळते, किती आवाज, किती वाजेपर्यंत, सगळं ठरलेलं आहे. शांततेची कुठं मिळते हे त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलेलं नव्हतं. "तुम्ही असं करा," ते उठून निरोप देताना म्हणाले, "कायतरी वाजवायची परवानगी घ्या, आन् वाजवू नका."

सुदैवानं पेठ हरली.

शेवटच्या मिनिटात गोल बसला आणि अख्ख्या पेठेवर अशी शांतता पसरली, की चौथ्या मजल्यावर अनुजाताईंना आपल्या बांगड्यांची लाज वाटली. बाळासो मैदानावरून आले ते डोळे पुसतच. दारात उभं राहून त्यांनी फक्त अंगठा वर केला. निशानं माईक धरला. तिनंच आणलेल्या स्पीकरवर प्रभुलिंगरावांनी गाणं लावलं.

पहिल्या खेपेला कुकर गाणं सुरू व्हायच्या आधीच बोलून गेला. दुसऱ्या खेपेला शिट्टी वेळेवर आली, पण खाली उभी केलेली म्हैस बासरी ऐकतच राहिली. बाळासोंच्या चुलतभावानं खालून ओरडून सांगितलं, की गाडी रेस केल्याशिवाय ती बोलत न्हाय. तिसऱ्या खेपेला त्यानं गाडी रेस केली. म्हैस ओरडली, आणि सवयीप्रमाणे गाडीमागे पळत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. "म्हस घेतली, गाडी काढते," निशा पुटपुटली. दुसरं कडवं सुरू झालं. केरबातात्या बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या काठावर बसले होते. कडवं संपत आलं. प्रभुलिंगरावांनी हात वर केला.

खोकला आला. आधी लहान, चौकशी केल्यासारखा. मग मोठा.

अनुजाताईंच्या अंगावर काटा आला. बाळासोंनी, ज्यांनी आप्पांना कधी पाहिलंही नव्हतं, भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला. प्रभुलिंगराव तसेच हात वर करून उभे होते. एकदम त्यांना मुरगूडचा सोपा दिसला, धान्याच्या पोत्यांचा वास आला, टेपच्या लाल बटणावरचं आपलं नववीतलं बोट दिसलं. बाहेर पेठ आपल्या दुःखात होती, ते आपल्या. "तात्या," ते कसेबसे म्हणाले, "हुबेहूब आप्पा."

"व्हय?" केरबातात्या म्हणाले. "पाणी दे जरा."

पुण्यतिथीला घर भरलं. पूजा झाली, स्वामी गेले, हुग्गीचा वास सुटला. केरबातात्यांना बोलावलं होतं, पण त्यांचा खोकला वाढल्यामुळे लेकीनं पाठवलं नाही. प्रभुलिंगरावांनी डबी खिशातून काढली. आणि कानात घालायच्या वायरी दोनच असल्याचं सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

"ओळ करा!" बाळासो हात पसरून उभे राहिले. "दोघा-दोघांनी. ढकलाढकली करू नका. बायका ह्या बाजूनं."

रांग स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत गेली. प्रत्येक जोडीला आधी चिनी बाई, मग गाणं, मग दुसरं कडवं. तिला वगळून पुढं जायचं बटण प्रभुलिंगरावांना अजून सापडलेलं नव्हतं.

"आले का आप्पा?" मागून कुणीतरी विचारायचं.

"थांब की, आत्ता म्हस झाली."

"किती येळ? पंगत कवा बसायची?"

"ही कोण बाई गाती गं आधी? आपल्यातली न्हाय वाटत."

विद्याश्रीअक्कांची पाळी आली तेव्हा प्रभुलिंगराव खिडकीबाहेर बघत राहिले. खोकला येताच अक्कांनी पदर डोळ्याला लावला. एवढंच नव्हे, त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "परभू, असा ताजा कवाच ऐकला नव्हता रं. शेजारी बसल्यासारखं." त्यांनी आजूबाजूला सांगितलं, की आप्पा रात्री दुकान बंद करून येताना वेशीपासनं असंच खोकत यायचे. एका आतेभावालाही तो खोकला लगेच आठवला. त्याचं लग्न ठरवायला आलेले आप्पा असेच खोकले होते, आणि त्यावरून मुलीच्या बापानं हुंडा वाढवला होता. प्रत्येकाकडे आप्पांच्या खोकल्याची एकेक आठवण निघाली. प्रभुलिंगरावांची छाती हळूहळू फुगू लागली.

अव्वा सगळ्यांत शेवटी राहिल्या. "आधी पावण्यास्नी द्या," म्हणून त्या खुर्चीतच बसून होत्या. प्रभुलिंगरावांनी त्यांच्या दोन्ही कानांत वायरी घातल्या. रांग मोडून सगळे भोवती जमले. अव्वांनी चिनी बाईलाही मान डोलावली. शिट्टी झाली असावी, म्हैस झाली असावी. चेहरा हलला नाही. दुसरं कडवं. अव्वा किंचित हसल्या.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. प्रभुलिंगरावांनी डोळे मिटले.

"केरबा हाय की ह्यो," अव्वा म्हणाल्या. कानात वायरी असल्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या.

प्रभुलिंगराव घाईनं पुढं सरकले. "अव्वा, मी सांगतो—"

"आजून बरा झाला न्हाय व्हय त्येचा खोकला? तवा बी असाच. गाणं लागलं की ह्येचं सुरू."

"तवा म्हणजे?" अक्कांनी पुढं होऊन एक वायर काढली.

"तू गाणं भरून घेत हुतास तवा," अव्वा प्रभुलिंगरावांच्या दिशेनं म्हणाल्या. "मी दारातनं त्येला खुणवत हुते, तोंडात टावेल धर म्हणून. लई दाबला त्यानं. डोळं असं भाईर आल्यालं. आठवलं की हसू येतंय बघ दर साली."

"पण अव्वा, सोप्यात आप्पा होते," प्रभुलिंगराव म्हणाले.

"आप्पा कुठलं? निपाणीला गेलतं. ते घरात असतं तर तू रेडिव लावला असतास व्हय?"

हा मुद्दा बिनतोड होता. आप्पा घरात असताना रेडिओ लावायची छाती मुरगुडात कुणाची नव्हती. त्या संध्याकाळी माजघरात डोळे मिटलेला मुलगा, सोप्यात केरबातात्या आणि दोघांनाही बघणारी एकटी अव्वा. आणि इतक्या वर्षांत अव्वांना कुणी विचारलं नव्हतं.

"मग तू दर वर्षी ती कॅसेट कशाला लावू द्यायचीस?" अक्कांचा आवाज चिरकला.

"गाणं चांगलं हाय की," अव्वा म्हणाल्या. "पर ह्यात मधी मधी लई गडबड हाय. बिनखोकल्याचं मिळत न्हाय का कुठं?"

डबीत ते होतं. निशानं घासून पुसून दिलेलं, आरशासारखं. प्रभुलिंगरावांनी ते लावून दिलं आणि वायर परत कानात घातली. अव्वांनी मान मागं टेकली. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरू लागली. विद्याश्रीअक्का पदराचं टोक हातात धरून तशाच उभ्या होत्या. ते आता कुठं लावायचं, हे त्यांना कळत नव्हतं. बाळासोंनी पसरलेले हात हळूच खाली घेतले. आतून अनुजाताईंनी हुग्गी थंड होत असल्याचं सांगितलं.

गाणं संपलं तेव्हा प्रभुलिंगरावांनी आईच्या एका कानातली वायर काढली आणि ते जवळ वाकले. "अव्वा," त्यांनी हळूच विचारलं, "मग आप्पा कसे खोकायचे?"

अव्वांनी आठवून पाहिलं. मग त्या, साऱ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आप्पांस्नी खोकला कवाच झाला न्हाय."